मामेकूळ न विचारणारं स्थळ

कपात चमचा किणकिणला. धाकट्या नणंदेसाठी परराज्यातलं स्थळ आणलेल्या बाई चहा ढवळत म्हणाल्या, “हुंडा नको, मानपान नको. लग्न तिकडेच लावू. पोरगी राज्य करील!”

सासूबाई खुलल्या. मला मात्र चहा गोड लागेना. माझ्या वेळी पाहुण्यांनी मामेकूळ विचारल्याशिवाय पोह्यांना हात लावला नव्हता. या बाईंनी नणंदेला नुसतं उभं केलं, वळवलं, फोटो काढले.

“मुलीचा मामा कोण, ते नाही विचारलंत?”

“आमच्यात नसतं तसलं काही, सूनबाई,” म्हणत त्या मोबाइलमधले फोटो बघू लागल्या.

माझी चिमुरडी त्यांच्या खांद्यावरून डोकावली.

“आई, यात शेजारची कुंदाताईपण आहे! ती सापडली का गं?”