मापाचा दोरा

कैरोच्या सराफ गल्लीत कुठल्याही दुकानात कांकण घडायचं झालं, तरी ते आधी नेहालच्या कॉम्प्युटरवर जन्म घ्यायचं. आजच्या लिफाफ्यात मापाचा जांभळा दोरा आणि चिठ्ठी होती: ‘साखरपुड्यात सुनेला शबक्याचं, आमच्याकडून द्यायचं सोनं घालायचंय. कांकण दिसावं तीस ग्रॅमचं, भरावं बाराचं.’ असली पोकळ कांकणं रचण्यात नेहालचा हातखंडा होता. तिचं लक्ष मात्र दोऱ्यावरून हलेना. परवाच होणाऱ्या सासूबाईंनी तिच्या आईच्या शिवणाच्या डब्यातून असाच जांभळा दोरा ओढून तिचं मनगट मापलं होतं आणि मापावर गाठ मारली होती. ती उठली, पाणी प्याली, परत बसली. शेवटी दोरा मनगटाला गुंडाळला. गाठ नेमकी टोकाला टेकली. मग तिने पडद्यावरचं कांकण आतून गच्च भरून टाकलं. “एकतीस ग्रॅम?” मालक मागून म्हणाले. “अगं बये, गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल.” “घेऊ दे, उस्ताद. लग्नाआधी सासूबाईंचा आवाज ऐकलेला बरा.”