छबूबाईचा घाव

"वाच गं, काय लिवलंय त्या पाटीवर?" छबूबाईनं सुनेला विचारलं.

संग्रहालयात पदकावरची काच अजून बसायची होती. टेबलावर मखमल, मखमलीवर पिवळंजर्द पदक. पंकजानं हळू आवाजात वाचलं, "प्राचीन सुवर्णपदक, प्रतिकृती. शेतमालक दिनकरराव यांना नांगरताना सापडले."

"नांगरताना," छबूबाई म्हणाली. "मालकाला."

पदक निघालं होतं तिच्या पातीत, तिच्या वाटच्या खुरपणीच्या ओळीत. सात बाया खुरपत होत्या. तिचं खुरपं खण्णकन वाजलं होतं आणि तिनंच ते पदराला पुसून तलाठ्याच्या हातात दिलं होतं. ती वाकली. पदकावरच्या फुलाची एकेक पाकळी तिनं डोळ्यांनी चाचपली. सगळ्या गुळगुळीत.

"साहेब, हितला घाव कुठं गेला?"

संग्रहालयाचे साहेब उद्घाटनाचे हार मोजत होते. "मावशी, खरं पदक मुंबईला, तिजोरीत. ही नक्कल आहे, तांब्यावर सोन्याचं पाणी. त्यावरचा चरा आम्हीच काढायला लावला. बघायला बरं दिसत नव्हतं."

"हजारो वर्षं त्याच्यावर चरा नव्हता साहेब. त्यो माझा हाय."

पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून दिनकरराव हसले. "छबे, नांगराचा फाळ लागला असंल. सोड की आता. फोटोत तुलाबी घेऊ एका कडंला."

"फाळ लागला असता तर दोन तुकडे झाले असते, मालक. अन् मी डावखुरी. माझा घाव उलटा पडतो."

सकाळची पात अर्धी टाकून ती झरी गावाहून जीपनं आली होती. खुरपं कमरेलाच होतं. तिनं ते डाव्या हातानं उपसलं आणि बरोबर त्या पाकळीवर एकच हाणलं.

सोन्याचं पाणी उडालं. आतलं तांबं लाल दिसायला लागलं. साहेबांनी पदक उचललं, भिंतीवरच्या खऱ्या पदकाच्या मोठ्या फोटोकडं बघितलं, पुन्हा पदकाकडं बघितलं. दोन्ही घाव एकाच बाजूला कललेले होते.

"अहो, बघता काय?" दिनकरराव उठले. "पोलिसाला बोलवा."

छबूबाईनं खुरपं पदराला पुसलं, कमरेला खोचलं आणि दिनकररावांच्याच रिकाम्या खुर्चीवर बसली.

"बोलवा," ती म्हणाली. "पंचनाम्यात तरी माझं नाव लिवावं लागंल."