गळ्याचा हप्ता

"हप्ता झोपेत भरणार की आवाजात?" विमाबाजारातल्या पोरीने मुकुंदबुवांना विचारलं. पैसे तिथे केव्हाच बंद झाले होते.

"अहो, झोप द्या, गळा नको," सिंधूताई नवऱ्याला म्हणाल्या. त्यांचं डायलिसिस त्या विम्यावरच चाललं होतं.

"साठीनंतरची झोप आम्ही घेत नाही, आजी. आवाजावर मात्र वर्षभर निघेल."

बुवा हसले. "चाळीस वर्षं कीर्तनात देवाला दिला. आता हिच्यासाठी दिला, तर तो काही रागावणार नाही. घे बाई." त्यांनी यंत्रासमोर 'जय जय रामकृष्ण हरी' म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला गेले, तर नुसतेच ओठ हलले.

वर्ष सरलं आणि एका सकाळी फोन वाजला. पलीकडून बुवांचाच तो भरदार, गोड आवाज आला. सिंधूताईंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"माउली, आपला विमा आज संपला. उद्यापासून डायलिसिस होणार नाही. घेण्यासारखं आपल्याकडे आता काही उरलेलं नाही. रामकृष्ण हरी."

समोर चिपळ्या पुसत बसलेल्या बुवांनी, कुणाचा फोन म्हणून, हातानेच विचारलं.

"तुमचं कीर्तन लागलंय हो," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला तरी कानाशी धरून बसल्या.