दादाच्या नावाची फुंकर
आमच्या कारखान्यात दरवर्षी नळीत फुंकावयास लावून कामगारांच्या फुप्फुसांची तपासणी होत असे. माझा थोरला बंधू वेल्डर असून धुरामुळे त्यास जिन्याच्या चार पायऱ्यांतच धाप लागे. “नापास झालो तर मला गेटवर बसवतील रे. तुझी छाती म्हणजे भाता, माझ्याही नावाने फुंकून टाक!” तो हसत म्हणाला. तपासनीस चेहरा न पाहता बिल्ल्याचा क्रमांक टिपत. सलग तीन वर्षे त्याचा बिल्ला लावून मी अभिमानाने फुंकले, आणि तो त्याच धुरात उभा राहिला. आज रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी चारही वर्षांचे अहवाल खाटेवर मांडले. “तीन वर्षं उत्तम, मग यंदा एकदम काय झालं?” प्राणवायूचा मुखवटा उचलून दादा हसला. “यंदा धाकटा रजेवर होता, बाई.” डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. वहिनी मात्र माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, तिन्ही वर्षं?”