पहिलं दार

“यादी उडून जाईन का बेटा?” देवरावांनी चौथ्यांदा विचारलं.

अपेक्षानं पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. आतला पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर एक पांढरी इंग्रजी ओळ उमटली आणि तिथंच अडून बसली. अकोल्याच्या बसस्टँडमागं तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. बंद पडलेले कॉम्प्युटर रोजच यायचे. पण चादरीत गुंडाळून, स्कूटरवर बायकोच्या मांडीवर बसून आलेला हा पहिलाच.

“विंडोज खराब झाली काका. पुरी नवी टाका लागते. यादी कुठी ठेवली व्हती?”

“डेस्कटॉपवर. समोरच. सापडाले सोपी म्हनून.”

“तेच तर जाते पहिले! थांबा, डिस्क काढून दुसऱ्या मशीनले लावून पाहते. निघाली त निघाली.”

देवरावांच्या लेकीचं, दीक्षाचं लग्न बारा दिवसांवर आलेलं. पत्रिका कालच छापून आल्या आणि काल संध्याकाळीच ह्या पठ्ठ्यानं मान टाकली. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसाची यादी ती, ऐरीगैरी नव्हे. पाचशे बारा नावं, आडनावांच्या बाराखडीप्रमाणे, अंभोऱ्यांपासून हिवराळ्यांपर्यंत, गाव आणि फोन नंबरासकट. दोन महिने खपून केली होती त्यांनी.

बायकोला, ललिताबाईंना मात्र काही सोयरसुतक नव्हतं. ठेवणीतलं लुगडं नेसून, पत्रिकांची पिशवी मांडीवर घेऊन त्या स्टुलावर निवांत बसल्या होत्या. सकाळी घरी कुकरसुद्धा लावला नव्हता त्यांनी. ‘पाहू जेवाचं’ म्हणाल्या आणि निघाल्या. देवरावांना त्याचाही राग आला होता.

जरा वेळानं त्या उठल्या, काउंटरच्या आत जाऊन अपेक्षाशी काहीतरी बोलल्या आणि कोरे कागद घेऊन परत आल्या.

“घ्या. तोवर हातानं लिवा.”

“पाचशे बारा नावं तोंडपाठ हायेत का मले?”

“बाबाजी कोन्ती यादी करत व्हते? घरापासून सुरू करा. गल्लीत शिरा अन् एकेक दार घेत चला. कोनी सुटत नाही.”

खरंच होतं ते. देवरावांच्या वडिलांनी चार लग्नं अशीच लावली होती, पातूरच्या त्यांच्या गल्लीतून दारोदार आवतण देत. देवरावांनी डोळे मिटले. मनातल्या मनात पातूरला एसटीतून उतरले. विहार उजव्या हाताला ठेवून गल्लीत वळले. पहिलं दार आलं. निळी चौकट, बाहेर बाज.

“तुळशीरामदादा,” ते बोलून गेले आणि पेन थबकलं.

सख्खा मोठा भाऊ. बारा वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, तर दादाच्या पोराच्या लग्नपत्रिकेत देवरावांचं नाव तिसरं छापलं होतं, चुलतभावाच्या खाली. हेडक्लार्क तिसरा! ते त्या लग्नात जेवले नाहीत आणि नंतर त्या दारात गेले नाहीत. कॉम्प्युटरच्या यादीत देवरावांच्याच आडनावाचे एकोणीस तायडे होते, दादा नव्हता. बाराखडीत एक नाव गाळलं तर काही अडत नाही, पुढची ओळ गुपचूप वर सरकते. गल्लीत तसं होईना. पहिल्या दारावरून गेल्याशिवाय दुसरं येतच नव्हतं.

त्यांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकानं शिरून पाहिलं. हापशीकडून पाहिलं. कुठूनही शिरले तरी बाजेवरून हाक यायचीच, “देवा, कुठी चालला बे?”

क्लार्कच्या परीक्षेला ह्याच दादानं पातूरहून अकोल्यापर्यंत सायकलवर डबलसीट आणलं होतं. येताना मागचं चाक पंक्चर झालं, तर देवानं बूट घातलेत, ते धुळीनं भरतील म्हणून त्याला सीटवर बसवून सायकल ढकलत नेली होती. देवरावांना गलबलून आलं. स्वतःची लाजही वाटली. तिसरं नाव बारा वर्षं लक्षात राहिलं आणि हे मात्र नेमकं विसरलो.

“लिवा ना. थांबले कावून?” ललिताबाई म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं. ठळक, पूर्ण नाव, खाली रेघ मारून. मग पिशवीतून एक पत्रिका ओढली आणि निमंत्रकांत स्वतःच्या नावाच्या वर, इवल्याशा जागेत, दादाचं नाव घातलं.

“हे आसंच समद्या पत्रिकाईवर लिवतो मी,” ते म्हणाले. “चाल, ऊठ. पातूरले जाऊ. हे पहिली पत्रिका हातानंच देतो.”

“आन् बाकीची यादी?”

“राहू दे ते यादी!”

ते स्कूटरची किल्ली घेऊन दाराबाहेर पडले, तोच मागून अपेक्षा धावत आली.

“काकू, पेनड्राइव्ह राहिला ना तुमचा! पुरी यादी हाये यात. पाच मिनिटातच निघाली व्हती, तुमी काकाले सांगू नको म्हनलं म्हनून गप बसली मी.”

देवराव वळून बायकोकडे पाहतच राहिले. ललिताबाईंनी पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधला आणि शांतपणे मागच्या सीटवर बसल्या.

“पाहता काय? चाला बिगीबिगी. दोघं जेवाले येतो म्हनून पातूरच्या वयनीले सकाळीच फोन केला मी.”