शिकारीचा आठवडा

जानेवारीच्या नऊ तारखेला डॉक्टरीणबाईंनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "आता आणखी काही करता येणार नाही." उगेत टेबलाकडे बघत राहिली. रोझेरच्या हातात तिचा कोट होता. तो त्याने खुर्चीवर ठेवला आणि पुन्हा उचलला.

सहा आठवड्यांनी उगेत गेली. जमीन गोठलेली होती, म्हणून पुरायला मे उजाडला.

"सहा आठवडे," रोझेर भेटेल त्याला सांगायचा. "सहा आठवड्यांत अडतीस वर्षांचा संसार संपला."

ऑक्टोबर आला. घरामागचा पोहण्याचा तलाव हिवाळ्यासाठी बंद करायला हवा होता. पाइपांत पाणी राहिलं तर ते गोठतं आणि पाइप फुटतात. पूर्वी या कामाला माणूस यायचा. चार वर्षांपूर्वी उगेत म्हणाली, "माणूस कशाला? मी करते. तू जा नेहमीसारखा शिकारीला, इथे नुसता लुडबुडशील." दर ऑक्टोबरात तो आठवडाभर उत्तरेला मूसच्या, त्या थोराड हरणांच्या, मागे जायचा आणि तेव्हापासून परत यायचा तेव्हा तलावावर ताडपत्री ताणलेली असायची. कँपवर तो मित्रांना फुशारकीने सांगायचा, "माझी बायको एकटी करते सगळं."

या वर्षी तो गेला नाही.

त्याने तलावातलं पाणी हातभर उतरवलं. पंपाजवळच्या पाइपाला कंप्रेसर जोडला आणि हवा सोडली. तलावाच्या भिंतीतल्या तीन भोकांतून बुडबुडे यायला हवे होते. दोनमधून आले. खोल बाजूच्या तिसऱ्यातून काही येईना.

"शिकारीला गेला नाहीस?" झुडपांच्या कुंपणावरून क्लेमाँने विचारलं. शेजारी राहायचा. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, एकटा जीव.

"मूसना सुट्टी दिलीय."

"त्यांना तुझी भीती होती कधी? अकरा वर्षांत दोन मारलेस. त्यातला एक तर गाडीखालीच आला."

रोझेर हसला. खूप दिवसांनी हसला.

क्लेमाँ कुंपणाच्या फटीतून आत आला. पंपाशी वाकला आणि व्हॉल्व्हची मूठ सरळ उलट्या बाजूला फिरवली. तिसऱ्या भोकातून बुडबुडे उसळले.

"तुला कसं कळलं?"

"असतात अशा मुठी. बसवणाऱ्याने उलटी बसवली की आयुष्यभर उलटी." बाही वर करून क्लेमाँ काठावर पालथा झोपला. हात गार पाण्यात घालून त्याने पहिलं रबरी बूच बसवलं, मग दुसरं. "तिसरं गळतं. त्याला टेप गुंडाळावी लागते. पांढरी आहे बघ. चुलीजवळचा दुसरा खण, मेणबत्त्यांच्या खाली."

तो बोलून गेला. त्याचा हात पाण्यातच राहिला.

रोझेर स्वयंपाकघरात गेला. दुसरा खण उघडला. मेणबत्त्या उचलल्या. खाली पांढरी टेप होती. हा खण त्याने आजवर उघडलाच नव्हता.

तो परत आला. टेप खिशात घातली. पंपाजवळ मोठा पाना पडला होता, तो उचलला.

"किती वर्षं?"

"काय किती वर्षं?"

"माझ्या घरात येत होतास ते. मी नसताना."

क्लेमाँ मान वळवून वर बघू लागला. "रोझेर, पाना खाली ठेव."

"विचारलंय त्याचं उत्तर दे."

"चार."

कंप्रेसर धडधडत होता. रोझेरने तो बंद केला नाही.

"दर वर्षी?"

"दर वर्षी. तुझ्या शिकारीच्या आठवड्यात."

"दिवसा?"

"दिवसा. गेल्या वर्षी दोन रात्री पण."

"वर? आमच्या खोलीत?"

"हो."

रोझेरने पाना दुसऱ्या हातात घेतला. "ती मला डबा बांधून द्यायची. दारात उभी राहून हात हलवायची. मी मूर्खासारखा हॉर्न वाजवायचो."

"माहीत आहे. मी खिडकीत उभा असायचो. तुझी गाडी वळली की निघायचो."

"लाज नाही वाटली?"

"वाटायची. तू परत आलास की मला मांस आणून द्यायचास, तेव्हा जास्त."

"सुरुवात कुणी केली?"

"तिने. मी आधी नाही म्हटलं होतं."

"आधी."

"मग तिने वचन घेतलं. तुला कधी सांगायचं नाही म्हणाली."

"ती मेली, क्लेमाँ. आता कुणासाठी पाळतोस?" रोझेर एक पाऊल पुढे आला. त्याच्या बुटाचं टोक क्लेमाँच्या बरगडीला लागलं. "नीट सांग. मला ऐकायचंय."

क्लेमाँने हात पाण्यातून बाहेर काढला. तो कोपरापर्यंत लाल झाला होता. "तिच्या कॅन्सरवर किरणं द्यायचे पाच दिवस असायचे," तो म्हणाला. "तारखा ती तुझ्या शिकारीच्या आठवड्यातल्याच मागून घ्यायची. सकाळी मी तिला इस्पितळात न्यायचो, दुपारी आणून वर निजवायचो, आणि मग हा तलाव बंद करायचो. तू आलास की तो बंद दिसायला हवा ना. गेल्या वर्षी तिला उठवेना, म्हणून रात्री खुर्चीत बसून राहिलो. म्हणायची, त्याला कळलं तर तो शिकारीला जायचा नाही." रोझेर तसाच उभा होता. तिसऱ्या भोकातून बुडबुडे येत होते. त्याचं बूच अजून लावायचं होतं.