धोंडू, दगडू, भिकू

होणाऱ्या पहिल्या बाळाच्या बारशाला घराण्याची वंशावळ भिंतीवर लावायची, या हौसेनं केतकी तहसील कचेरीत आली होती. "कशाला मेलं जुनं उकरायचं?" असं पुटपुटत का होईना, सासूबाईही सोबत आल्या होत्या. एका हातानं पोट सावरत केतकी मृत्यूनोंदींची पिवळी पानं उलटू लागली.

नवऱ्याचे पणजोबा धोंडू, आजोबा दगडू, वडील भिकू. प्रत्येकाच्या जन्माआधी त्या घरात एक तान्हं मूल गेलेलं. नावाच्या जागी नुसतं 'बाळ'.

तिचं बोट थबकलं. आधीचं मूल दगावलं, की पुढच्याला असलं ओबडधोबड नाव ठेवायचं, त्याचं नाक टोचायचं, म्हणजे मृत्यू फसतो, हे तिनं ऐकलं होतं. आणि नवऱ्याच्या टोचलेल्या नाकाला, त्याच्या 'नथू' या नावाला ती लग्नापासून हसत आली होती.

"आई, यांच्या आधी तुम्हांला..."

"झाला होता," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

केतकीनं नोंदवही मिटली. "आमच्या बाळाचं नाव ठरवलंय मी. सांगू?"

सासूबाईंनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नको, पोरी. आपल्या घरात पहिल्याचं बारसं होत नाही."